त्याने ‘पुरे’ म्हटलं

आई,

तुझा लेक मागच्या आठवड्यात जेवताना “पुरे” म्हणाला. अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून. हा शब्द ऐकायला तू जन्मभर कान लावून होतीस, तो बरा व्हावा म्हणून सवच्या गरम पाण्याच्या कुंडात त्याला किती वेळा बुचकळून काढलंस. आणि तो म्हणाला तेव्हा मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून रस्त्यावर धावले.

मुंबईच्या डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं, याच्या जनुकातला एक तुकडा जन्मापासूनच नाही, पोट भरल्याचं याला कधी कळणार नाही. पण पोलादपुरात हे कुणाला पटवणार? तू स्वयंपाकघराला कुलूप लावलंस, किल्ली गळ्यात अडकवलीस आणि अख्ख्या आळीत कैदाशीण ठरलीस. शेजारची काकी पदराआडून त्याला लाडू द्यायची. वर तुलाच म्हणायची, “लेकराच्या पोटाला नाय म्हणतेस? माणूस हायस का कोण गो?” तू तिच्याशी कडाकडा भांडायचीस, मग आतून कडी लावून चुलीपुढे रडत बसायचीस. तो बाहेरून दार खडखडवायचा, “दे गो आई, दे गो.” त्या आवाजात मी दहावीचा अभ्यास केला. डोकं उठायचं माझं!

आता त्याचे केस पिकलेत, साखर आहे, पाय सुजतात, पाठीला बाक आलाय. बसल्या बसल्या झोपतो. माझ्याहून लहान, पण दिसतो माझ्या बापासारखा. काकीही गेली, त्याला चोरून द्यायलाही कुणी उरलं नाही. तू गेल्यावर किल्ली माझ्या गळ्यात आली, मी एमआयडीसीतली नोकरी सोडली. दिवसभर आम्ही दोघंच. “जेवण कधी?” आणि “अजून वेळ आहे”, एवढंच आमचं बोलणं. फार एकटं वाटतं गं.

याने जेवण नको म्हटलं तर घरी थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रिक्षा करून तडक महाडला नेलं. पोटात मोठा बिघाड निघाला. उशीर झाला असता तर हाती लागला नसता म्हणाले. त्याच्या खाटेशी बसले होते आणि एकच डोक्यात होतं, हा नसेल तर त्या कुलपाचं मी काय करू?

आज घरी आणला. सकाळी पेज दिली. दुपारी मी आत भात उतरवत होते आणि दार खडखडलं. “दे गो ताई, दे गो.”

हे कुठे पाठवणार मी? तुझ्या फोटोमागे ठेवीन. एकच सांगते, रागावू नकोस. जेवणाची वेळ झाली होती, ताटही वाढलेलं होतं. तरी मी कडी लगेच काढली नाही. आतच उभी राहिले आणि त्याला अजून थोडं वाजवू दिलं.