तक्त्यात नसलेली आत्या

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. (डोळ्यांना ताण नको, पत्र शेजारणीकडून वाचून घे. ताजा कलम मात्र स्वतः वाच.)

आम्ही ठीक. जमिनीखालच्या नळाची गळती ऐकून शोधणारं आमचं यंत्र चालायला लागलं आणि एक गुंतवणूकदार कंपनीत वीस टक्के हिस्सा घ्यायला तयार झाला. आजवर नळ मी ऐकायचे आणि कागद मेहुण्याने (म्हणजे हिच्या भावाने) बघायचे, अशी वाटणी होती. पण सही दोघांची लागते. न वाचता सही करायला मन धजेना, म्हणून कोणाचा किती हिस्सा हे दाखवणारा तक्ता मी या वयात शिकायला बसलो. शिकवायला गुंतवणूकदाराच्याच ऑफिसातली मुलगी. (वयाने माझ्या लेकीएवढी, धाकाने तुझ्याएवढी.) पहिल्या दिवशी मी ऐटीत मांडलं: दोघांचे पन्नास-पन्नास, पाहुण्याला वीस, उरले माझे चाळीस. कॉम्प्युटर म्हणे पस्तीस. मशीन बिघडलंय असं मी सांगितल्यावर तिने शांतपणे चष्मा पुसला. "काका, पुढे नेमायच्या लोकांसाठी दहा टक्के राखून ठेवलेत. ते आमच्या विसातून जात नाहीत, तुमच्यातून जातात." सतराव्या पानावर तसं लिहिलेलंही होतं.

तिसऱ्या दिवशी तिने सहज विचारलं, "सुरुवातीला आणखी कोणी पैसे घातले होते?" आत्या, माझा चेहराच उतरला. शिवणवर्ग बंद करून तू आम्हाला खोली दिलीस, पहिल्या यंत्राचे पैसे दिलेस. तुझे दोन टक्के तेव्हाच ठरले होते, आणि तक्त्यात तुझी ओळच नव्हती! मेहुणा म्हणाला, "घरचं माणूस, त्यांचं काय लिहायचं?" चार वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्यावर आवाज चढवला. शेजारच्या ऑफिसातले लोक दारात जमले. शेवटी मान खाली घालून त्याने स्वतःच्या हाताने तुझं नाव टाइप केलं. माझे डोळे भरून आले, ते त्या मुलीने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तुझा भाचा

ता. क. सोबतच्या कागदावर सही करून पाठव.

आणखी एक ता. क. तुझं नाव घातल्यावर बेरीज एकशे दोन आली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मेहुणा खिडकीबाहेर. तुझे दोन मी माझ्यातून दिलेत, म्हणजे मला तेहतीस. घरी अजून चाळीसच सांगितलेत. खरा आकडा तुझ्या भाचेसुनेला तूच फोन करून सांग. तुझ्यावर ती चिडत नाही.