एका रविवारचा खाडा

मन्नारगुडी

ती. देशिकन अण्णांना सारंगपाणीचा साष्टांग नमस्कार. वहिनींचा दमा आता बरा असेल, तुमची कवळी नीट बसली असेल, अशी आशा करतो. तुमची बहीण सुखरूप आहे. एवढ्यातच दोन डोसे खाऊन, माझ्या सांबाराला नावं ठेवून ती ओट्यावर बसली आहे. हे आधीच लिहितो, कारण आमच्या गल्लीतून तुम्हाला कुणी भलतंच कळवलं असेल तर ते खरं मानू नका. (कळवलं नसेल, तर हे वाक्य वाचून घाबरू नका.)

झालं असं. वेदवल्ली न्हाणीघरात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलं. घरी आल्या आल्या तिनं विचारलं, "उद्या दारात कोलमची रांगोळी कोण काढणार?" समोरच्या कोमलम मामींच्या सुनेला सांगू, असं तिच्या मनात होतं. मी म्हणालो, "जन्मभर मोजणी खात्यात नकाशे काढले, अख्खे तालुके कागदावर उतरवले. उंबऱ्यापुढची चार हात जागा मला जड आहे काय?" ती काही बोलली नाही. तुमच्या घराण्यातल्या बायका बोलल्या नाहीत की माणसानं सावध व्हावं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

पहाटे सडा घातला, डबा घेतला. पण अण्णा, तांदळाची पिठी म्हणजे शाई नव्हे. चिमटीतून ती एकतर मुळीच सुटत नाही, नाहीतर ढिगानं पडते. दुसऱ्या दिवशी मी मोजपट्टी, दोरी आणि खुंट्या काढल्या. कोमलम मामी लगेच दारात. "काय हो मामा, घर विकायला काढलंत?" ओट्यावरच्या खुर्चीतून तुमची बहीण म्हणाली, "छे हो, गल्ली रुंद करताहेत." वाकून कंबर धरायची, म्हणून मी पाट घेऊन बसू लागलो, तर येणारेजाणारे थांबून बघू लागले. (हे लग्नाचं मोठं कोलम नव्हे, रोजचंच आहे, हे त्यांना पटेना.) तरी हळूहळू चिमूट वळायला लागली. पट्टी सुटली. ठिपके डोळ्यांनीच सरळ पडू लागले. त्या वेळात मला कुणी काही विचारत नसे, आणि मीही कुणाला काही समजावून सांगत नसे. असं सुख नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

मग मला वाटलं, सरकारी माणसाला रविवारची सुट्टी असते. तसं बोलून दाखवलं. वेदवल्ली एवढंच म्हणाली, "झोपा."

झोपलो. उन्हं आल्यावर ओट्यावर येऊन बसलो, तर दूधवाला हाक न मारता भांडं ठेवून खाली मान घालून निघून गेला. तोंडाला पदर लावून कोमलम मामी आल्या आणि रडू लागल्या. "काल संध्याकाळी तर माझ्याकडून कढीलिंब घेऊन गेली हो!"

मी म्हणालो, "हो, जरा जास्तच आणला तिनं."

मागोमाग राघवाचारी भटजी. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फार त्रास नाही ना झाला?"

"छे, शांत झोप लागली."

"भाग्य लागतं," ते म्हणाले. मला वाटलं, रविवारबद्दल बोलताहेत. आणखी दोघे येऊन चपला काढून उभे राहिले. तेवढ्यात वेदवल्ली डाव्या हातात कॉफीचा पेला घेऊन बाहेर आली. "मामी, काय झालं? कोण गेलं?"

मामी किंचाळल्या, मग माझ्यावर उखडल्या. "दारात कोलम नाही, तर माणसांनी काय समजायचं? घरात कुणी गेलं तरच दार असं ओकंबोकं राहतं, एवढं कळत नाही तुम्हाला?"

सगळे हसले. मी हसलो नाही, अण्णा. उंबऱ्यापुढची ती कोरडी माती पाहिली आणि शेजारी कॉफी पीत उभी असलेली ही पाहिली. डोक्यावर ऊन आलं होतं, तसाच उठून मी पिठीचा डबा आणला आणि सगळ्यांच्या देखत ठिपके मांडले. त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही. वेदवल्ली रेघ पुरी होईपर्यंत उभी होती. कॉफी तिथंच गार झाली.

त्यानंतर एकही खाडा नाही. ताप आला तेव्हाही नाही.

तुमचा,
सारंगपाणी

ता. क. प्लॅस्टर निघालं आहे, पण मनगट अजून नाजूक आहे, असं ती म्हणते. मार्गळी महिना तोंडावर आला आहे. त्या महिन्यात गल्लीभर केवढी मोठी कोलमं काढतात, ते तुम्ही जाणताच. मनगट बरं झालं की ही डबा परत मागणार. तेव्हा वहिनींची तब्येत बिघडल्याचं कळवून महिनाभर तिला तिकडे बोलावून घ्याल का? माझ्या जेवणाची चिंता नको.

ता. क. अण्णा, पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं. बोलावू नकोस, मी येणार नाही. हात केव्हाच बरा झालाय, अक्षरावरून कळलंच असेल. लग्न झाल्यापासून पहाटे वाकून जमीनच बघत आले, आता बसून कॉफी पिते. मार्गळी यांनाच करू दे. फक्त रोज एका कोपऱ्यात यांची रेघ जुळायची राहते. हे आंघोळीला गेले की मी जोडून टाकते. यांना कळवू नकोस. वेदा.