भट्टीवाल्याच्या पायातले तीळ

६ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: चिडायचं नाही. दुसरा: दवाखान्यात लॅब नाही म्हणून रडायचं नाही. मुरलेल्या डॉक्टरला नजर पुरते. मायक्रोस्कोप आहे, पण त्याचा बल्ब गेलाय. वर मागणी केली. त्यांनी ट्यूबलाइट पाठवली.
आज वीटभट्टीवर अनवाणी काम करणारा एक जण आला. पाऊल सुजलेलं, त्याला बारीक भोकं. दुखत नाही म्हणतो. म्हणजे किरकोळ. अँटिबायोटिक दिलं.

१९ जानेवारी
भट्टीवाला पुन्हा हजर. म्हणे पायातून काळे तीळ निघतात! हसू आवरेना. पाय बघितला, अगदी लखलखीत. तीळबीळ काही नाही. माझा नियमच आहे: सिस्टरनी जखम धुवायची, स्पिरिटनं पुसायची, मगच पेशंट आत. घाण बघून माझं डोकं उठतं.
अँटिबायोटिक बदललं.

२ मार्च
तिसरं अँटिबायोटिक. सूज घोट्यापर्यंत. पुन्हा तीळ! गोळ्या नीट घेत नसणार. तरी चिडलो नाही. सिस्टरवर चिडलो, पण ते वेगळं.

१५ मार्च
जेवताना हिला सगळं सांगितलं. हिनं विचारलं, तुम्हाला नक्की माहीत आहे ना? वीस वर्षांच्या संसारानंतर हा प्रश्न! भाजी अळणी होती, तेही बोललो नाही.

२१ मार्च
हिची शंका फिटावी म्हणून पायाचा छोटा तुकडा काढून शहरातल्या लॅबला पाठवला. बुरशी वाढते का बघा म्हटलं. फॉर्मॅलिनमध्ये, बाटली काठोकाठ भरून. कामात कुचराई नाही.

१८ एप्रिल
रिपोर्ट: काहीही वाढलं नाही. म्हणजे बुरशी नाही! हिला लगेच फोन केला. भट्टीवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, मग तीळ कसले? याला विज्ञानाचं वावडंच आहे.

२० एप्रिल
लॅबच्या बाईंचा फोन. फॉर्मॅलिननं बुरशी मरते म्हणे, तुकडा सलाइनमध्ये हवा होता. मारून पाठवलंत तर वाढणार कशी, असंही वर ऐकवलं. बोलायची काही पद्धत? दुसरा तुकडा उद्याच पाठवतो.

३ मे
तुकडा राहिलाच. मीटिंगा.

११ जून
नळाला पाणी नाही, स्पिरिट संपलेलं. सिस्टरनी भट्टीवाल्याला तसाच, मळक्या पट्टीसकट आत पाठवला. ओरडणारच होतो. पट्टी सोडली. कापडाला काळे दाणे चिकटलेले. हुबेहूब तीळ.
मायसेटोमा! काटा रुततो, बुरशी आत शिरते आणि तिचे असे दाणे बाहेर पडतात. पाहताक्षणी ओळखलं. नजर ती नजर.

१४ जून
एक्स-रे आला. पायाची हाडं पोखरलेली. मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जनना फोन लावला. ते म्हणाले, निदान सुरुवातीला झालं असतं तर औषधावर भागलं असतं. आता पाऊल वाचेल असं सांगता येत नाही. मग विचारलं, इतके महिने कोण बघत होतं?
आधीचे डॉक्टर, मी म्हणालो.
भट्टीवाला समोरच बसला होता. मी फोन ठेवल्यावर त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, त्या आधीच्या डॉक्टरांना तरी विचारून सांगाल का, पाय राहील की जाईल?
विचारतो म्हणालो.