आईच्या छातीतले अकरा झटके

प्रिय सौरव,

फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहितेय. इथं तरी तुला मधे ओरडता येणार नाही.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, आईचं हृदय थकलंय, ठोके कधीही बिघडतील. छातीत मशीन बसवली तर ती झटका देऊन ठोके ताळ्यावर आणील. आई नको म्हणत होती. तू पुण्याहून आलास, तिला सही करायला लावलीस आणि चौथ्या दिवशी परत गेलास. मीही तेव्हा तुझ्याच बाजूनं होते, नाकारत नाही. तीन वर्षं आई मिळाली आपल्याला. म्हणजे मला मिळाली. तू गणपतीला दोन दिवस येतोस.

पहिला झटका बसला तो रुक्माबाईच्या अंगणात, शेंगा फोडताना. आई किंचाळली, उडाली, थरथरत राहिली. अख्ख्या बेळगुंदी गावानं ठरवलं, देवी अंगात आली! बायकांनी तिला पाटावर बसवून मळवट भरला. रुक्माबाईनं हात जोडून विचारलं, "आई, माझ्या मंगलचं लगीन कवा जमल?" आई म्हणाली, "जमल गं, आदी पानी दे." आणि मंगलचं पंधरा दिवसांत जमलं. मग काय विचारतोस! मी दिवसभर बेळगावात ऑफिसात. कानावर आलं तेव्हा आईला विचारलं, तर म्हणाली, "बायकांचं खूळ गं." मीही हसून सोडून दिलं. रजा काढून तिला दवाखान्यात न्यावं लागलं असतं ना.

शेवटी पायांवर सूज आली तेव्हा नेलं. डॉक्टरांनी मशीनमधली नोंद काढली. अकरा झटके. मी आईवर इतकी चिडले की नर्स बघायला लागली. आई शांतपणे म्हणाली, "म्हशीनं छातीवर लाथ मारावी तसं हुतंय. पर तुझं आप्पा गेल्यापासनं मला कुनी हळदीकुंकवाला बोलिवलंय व्हय? आता त्याच बाया पाया पडत्यात." मला तिचा राग आला आणि त्या बायकांचा त्याहून जास्त. माझा स्वतःचा तर विचारू नकोस.

आता औषधं चालेनाशी झालीत. हृदय सुधारणार नाही, तरी मशीन आपलं काम सोडत नाही. डॉक्टर म्हणाले, झटके बंद करता येतात, चिरफाड लागत नाही. मग ठोके बिघडले की ती शांतपणे जाईल. आईनं त्यांच्यासमोर स्वतः हो म्हटलं. आणि तू त्यांना फोन करून केस टाकायची धमकी दिलीस. ते घाबरले. मुलाचा होकार येऊ दे, म्हणतात. आईचा होकार पुरत नाही, रोज उशाशी बसणाऱ्या मुलीचाही नाही. त्यानंतर तिला आणखी चार झटके बसलेत. दर वेळी ती माझा हात धरते, आणि मी काही करू शकत नाही.

पत्र एवढ्यासाठीच. डॉक्टरांना फोन कर आणि तुझी धमकी मागं घे. तू प्रेमापोटी केलंस हे मला कळतं, पण ते प्रेम तिच्या छातीवर आदळतंय. मी तुला शिव्या देत होते तर काल आईनं मलाच दटावलं. म्हणाली, "त्याचा राग करू नगंस. त्याला तिकडं वाटतंय, आई जगतीया."

रागावलेली, तरी तुझीच,
नीलमआक्का