वाकलेले बांबू

तुंगशी, २ मार्च २०२५

प्रिय मिंग-युआन,

मी बरी आहे. उत्तरेचा वारा अजून पडलेला नाही, पण कालवं चांगली भरली आहेत आणि गावात प्रत्येकाच्या हाताला त्यांचा वास आहे. तूही बरा असणार. परवा फोनवर भांडताना तुझा आवाज खणखणीत होता. मला फोनवर भांडता येत नाही, कागदावर येतं. म्हणून हे पत्र.

आपला जुना सिनेमा तू सॉफ्टवेअरनं उजळून पाठवलास, तो नवा ‘ओहोटीची माणसं’ बघितला. एकदा नाही, पुष्कळदा. आधी एक गोष्ट मान्य करते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. समुद्र सुंदर झाला आहे. चिखल चिखलासारखा दिसतो. सत्त्याण्णव साली त्या छोट्या टेपांवर आपण चित्रण केलं तेव्हा चिखल, आकाश आणि माणसांचे गुडघे एकाच रंगाचे आले होते, आणि ते मुद्दाम केलं आहे असं तू सगळ्यांना सांगत सुटला होतास.

तू म्हणालास, “ताई, तुला सिनेमा नको, टेपवरचे चरे हवेत. त्यांची पूजा कर.” हे खोटं आहे. माझे मागचे दोन्ही सिनेमे मी फोनवर केले. मोठा कॅमेरा दिसला की बंदरावरच्या बायका केस नीट करत. फोनकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत. यापेक्षा चांगला कॅमेरा मला आजवर मिळालेला नाही. जाहिरातीच्या कामावर दहा माणसं घेऊन तू जातोस, मी नाही.

माझी हरकत एकच आहे. बांबू वाकले आहेत.

पहिलंच दृश्य बघ. ओहोटीला कालवं वाढवायचे बांबूंचे मांडव उघडे पडतात तिथे मधले बांबू कमरेत मुडपल्यासारखे झाले आहेत. पुढे तुझ्या आईच्या दृश्यात मागची दाराची चौकट तशीच, आणि तिची हनुवटीही. तुझ्या सॉफ्टवेअरला जिथे दिसत नाही तिथे ते अंदाजानं भरतं, आणि इथे अंदाज चुकला आहे. तू म्हणतोस, इतक्या वर्षांनी आईचा चेहरा स्वच्छ दिसला. तो चेहरा चिन-चू काकूंचा नाही, मिंग-युआन. यंत्रानं केलेला आहे. हे लिहिताना मला आनंद होत नाही. पण दोघांत कुणीतरी हे म्हणायला हवं, आणि आपल्यात ते नेहमी मीच म्हणत आले.

मे महिन्यातल्या महोत्सवाला दोघांच्या सह्या हव्या आहेत. तुझ्या प्रतीवर माझी सही होणार नाही. टेपवरचा सिनेमा आहे तसा, रेघांसकट दाखवायचा असेल तर आज करते.

आपली संकलनाची दोन्ही जुनी यंत्रं त्याच टेबलावर आहेत. डावीकडचं चालवायचं, उजवीकडचं उतरवून घ्यायचं. धूळ पुसताना सहज सुरू केली. प्रत्येक जोड करण्याआधी दोन्ही टेपा थोड्या मागे जायच्या, थांबायच्या आणि मग बरोबरीनं पुढे यायच्या. त्याशिवाय जोड बसायचा नाही. तेवढ्या वेळात तू शेंगा खायचास आणि टरफलं माझ्या बाजूला टाकायचास.

चिंगमिंगच्या सणाला तुझ्या आईचं थडगं झाडायला येशीलच. दर वर्षी येतोस आणि परस्पर जातोस. या वेळी इकडे डोकावलास तर समोर बसून बघता येईल. नाही आलास तरी अडणार नाही.

तुझी,
युए-चिन

अक्षर मोठं आलं आहे. पेन जाड आहे.


तुंगशी, १५ मार्च

प्रिय मिंग-युआन,

उत्तर मिळालं. तुझ्या कचेरीतल्या दोन मुलींना तू पडद्यावर पट्टी धरायला लावलीस आणि बांबू सरळ निघाले. “तुझ्या गावचे बांबू तुझ्यासारखेच आहेत ताई, वाकायचं नाव नाही.” विनोद चांगला आहे. कालवं फोडणाऱ्या आ-फुंग मावशींना वाचून दाखवला, त्याही हसल्या. बांबू तरीही वाकलेले आहेत.

तुझं पत्र आल्यावर मी मूळ टेप काढली. कडेला पांढरी बुरशी होती. आधी ती कोरड्या कपाटात सुकू दिली, मग हातानं पुसली. अशी टेप फार वेळा चालवता येत नाही, दर खेपेला थोडी झिजते, म्हणून जीव मुठीत धरून लावली. टेपवरही बांबू वाकलेले निघाले.

मग दोष टेप चालवणाऱ्या यंत्राचा असणार. यंत्र घेऊन चियायी शहरात को मिस्त्रींकडे गेले. त्यांनी उघडलं, फुंकलं, पुसलं, लावलं आणि मला म्हणाले, “मशीन ठणठणीत आहे बाई. तुम्ही जरा बसा, चहा घ्या.” मी चहा घेतला नाही. त्यांच्याकडची ती जुनी पेटी मागून आणली, चित्राच्या सरकणाऱ्या ओळी धरून ठेवणारी. ती जोडूनही वाक गेला नाही.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. टेप ताणली गेली आहे. ताणलेल्या टेपवरून मी तुला प्रत पाठवली आणि तुझ्या प्रोग्रामनं तिथून वाक उचलला. म्हणजे दोष त्याचा नाही. एवढं मोकळ्या मनानं कबूल करते. पण मग टेपही आहे तशी दाखवता येणार नाही, आणि माझ्या हातात दाखवण्यासारखं काहीच उरत नाही. यावर उपाय मी शोधते आहे. सापडेल.

चियायीला बसनं गेले होते. स्कूटर आ-फुंग मावशींच्या पुतण्याला देऊन टाकली, वारा फार असतो हल्ली. परतताना भलत्याच बसमध्ये चढले आणि पुताईला जाऊन पोचले. विचारात होते.

पत्राच्या शेवटी तू विचारतोस, “बांबूंचं सोड. तो आईचा चेहरा नाही, हे तू कशावरून म्हणतेस?” हे पत्रात सांगता येण्यासारखं नाही. समोर बसून दाखवीन.

चिंगमिंगला ये. पातळ पोळ्यांच्या गुंडाळ्या करते, तुला आवडतं तसं शेंगदाण्याचं कूट जास्त घालून. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. टेप दोघांची आहे.

युए-चिन


तुंगशी, २७ मार्च

मिंग-युआन,

बांबू सरळ आहेत. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे तुला हसायचं असेल तर हसून घेशील.

मागच्या आठवड्यात दुपारच्या ओहोटीला आ-फुंग मावशींबरोबर बांधावर बसले होते. समोर मांडव उघडे पडले होते. मी म्हणाले, “यंदा कुणी बांधले हे? सगळे मध्येच वाकलेत.”

“वाकलेत कुठे? दोरी धरून ठोकल्यासारखे आहेत.”

“ते मधले बघा.”

त्या म्हणाल्या, “मधले म्हणजे कुठले? तू बघतेस तिकडचे मधले.”

मी डावीकडे बघितलं. डावीकडचे वाकले. उजवीकडे बघितलं. डावीकडचे सरळ झाले आणि उजवीकडचे वाकले. मग उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. समुद्रात एकही बांबू वाकडा नव्हता.

तळहात काढला, पुन्हा ठेवला. मावशींना वाटलं, डोळ्यात वाळू गेली.

हे आधी का कळलं नाही, असं तू विचारशील. घरातल्या दाराची चौकटही महिनाभर वाकडी दिसत होती. मला वाटलं, भूकंपानं सरकली असेल. सुताराला निरोपही धाडला होता. चित्रातली रेघ वाकली की तीस वर्षं मी टेप, यंत्र आणि पेटी तपासत आले. डोळा कधी तपासायचा नसतो. तो तपासणारा असतो.

चियायीच्या डॉक्टरीणबाईंनी चौकटींचा एक कागद पुढे धरला. एक डोळा झाकून काय दिसतं ते सांगा, म्हणाल्या. मी म्हटलं, “हे कुठल्या मशीनवर उतरवलंय? ओळी सरकल्यात.” त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. उजव्या डोळ्याचं मधलं गेलं आहे, डाव्याला सुरुवात आहे, त्याला रेघा सरळ दिसतात पण बारकावे नाहीत. इंजेक्शनं घ्यायची आहेत, डोळ्यातच. तोंड वाकडं करू नकोस, एक घेऊन झालं आणि मी बेशुद्ध पडले नाही. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं बहुतेक टिकेल. कडेचं दिसत राहील. वाट दिसेल, भांडी दिसतील. ज्याच्याकडे बघेन तेवढंच दिसणार नाही.

आता सिनेमाचं.

दवाखान्यातून आल्यावर मावशींना घरी बोलावलं. म्हटलं, माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही, तुम्ही बघा आणि बोला. तुझी प्रत लावली. त्यात त्या स्वतः दिसतात, पांढऱ्या छत्रीखाली. “ही टवळी कोण?” म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हीच. बराच वेळ खूश होत्या. मग तुझी आई आली, दारात स्टुलावर बसून कालवं फोडणारी. मावशी पडद्याजवळ सरकल्या. तिच्या शेजारच्याच स्टुलावर बसून त्यांनी जन्म काढला आहे.

मग म्हणाल्या, “हात कुणाचा लावलाय हिला?”

मी विचारलं, म्हणजे काय.

“चिन-चूचं हे बोट पेरापाशी तुटलेलं होतं. दोरीच्या चरकात गेलं होतं. इथं अख्खं आहे. नखासकट.”

मी मूळ टेप लावली. रेघा, धूसर, अर्ध्या जागी रंग उडालेला. मावशी म्हणाल्या, “हां. ही ती.”

मिंग-युआन, तुझ्या प्रोग्रामला तिथे एक डाग दिसला, आणि बोटाच्या जागी डाग दिसला तर बोट असणार, असं त्यानं धरलं. त्याला दोष देत नाही. त्यानं पुष्कळ हात बघितले आहेत आणि बहुतेकांना बोटं असतात. दोष आपला आहे. मला बोट दिसलं नाही, कारण मी बांबू बघत होते. तुला दिसलं नाही, कारण तू चेहरा बघत होतास.

आणखी एक. आपण दोघांनीही चित्र तपासताना आवाज बंद ठेवला. तशी सवय तूच लावलीस. आवाज असला की चित्र चांगलं वाटतं, असं तू म्हणायचास. आवाज सुरू करून बघ. तू गुडघ्यावर बसून तिच्या हातावर कॅमेरा आणतोस तेव्हा ती खाली न बघता म्हणते, “काय घेतोस रे मेल्या, बोट नाहीये तिथं.” तुझ्या प्रतीत ती हे म्हणते आणि पडद्यावर बोट आहे. मे महिन्यात सगळं सभागृह ते ऐकेल आणि बघेल.

तेव्हा बांबूंबद्दल मी चूक होते आणि सही न करण्याबद्दल बरोबर होते. दोन्ही लक्षात ठेव, एकच नको.

मला काय हवं ते सांगते. समुद्र तुझा राहू दे, चिखलही. हात टेपवरचा हवा, डागासकट. सगळा सिनेमा असाच ओळीनं बघावा लागेल. अजून कुणाकुणाला यंत्रानं काय काय दिलं आहे, कोण जाणे. कुणाच्या कपाळावर खोक होती, कुणाची छत्री फाटकी होती, हे मला पाठ आहे, कारण तू गेलास आणि मी इथे राहिले. पण पडद्यावर काय आहे ते मला दिसत नाही. तुला दिसतं. हे काम एकट्याचं नाही.

चेहऱ्याबद्दल तू विचारलं होतंस, आणि मी समोर बसून दाखवीन म्हटलं होतं. दाखवू शकत नाही. नाक कुठे, डोळे कुठे, ते कळतं. कुणाचा चेहरा आहे ते कळत नाही. पहिलं पत्र लिहितानाही कळत नव्हतं आणि तरी मी तसं लिहिलं. मावशींना विचारता आलं असतं, पण ते त्यांचं काम नाही. तू मुलगा आहेस. दोन्ही चेहरे शेजारी ठेव, आवाज सुरू ठेव, आणि सांग. तू म्हणशील तो राहील. मी वाद घालणार नाही. घातला तर टरफलं मार.

आणि येणार असशील तर उदास तोंड करून येऊ नकोस. मी घाबरलेली नाही. नवा सिनेमा सुरू आहे. फोनमध्ये एक सोय सापडली, तो चौकटीत काय आहे ते मोठ्यानं सांगतो. काल बंदरावर मी तो उचलला आणि तो म्हणाला, “एक चेहरा, डावीकडे.” मी जरा वळले. तो म्हणाला, “एक चेहरा, मध्यभागी.” आ-फुंग मावशी होत्या. त्या फोनला म्हणाल्या, “नाव आहे मला.”

सही तुझ्यासमोर करीन. चिंगमिंगला थडगं झाडून झालं की बांधावरून सरळ चालत ये, बांबू उजव्या हाताला ठेवून. दार उघडं असेल. डावी खुर्ची पुसून ठेवली आहे.

मी माझ्या बाजूची टेप मागे नेली आहे आणि थांबले आहे. तू तुझी आण.

तुझ्या उजव्या हाताला बसणारी,
युए-चिन