पापणीआडचा उजेड

४ मार्च
पोचले एकदाची सोलला! मोक्पोच्या फलाटावर आई रडली, आणि गाडी हलल्याबरोबर फोन करून म्हणाली, यून-सल, या वेळी डॉक्टरला नीट पारखून घे गं, मागच्या वेळी नुसती दवाखान्यातली फुलझाडं बघत बसलीस.

खोली छान आहे. जमीन उबदार, गादी स्वच्छ, खिडकीतून समोरच नामगुंग डॉक्टरांच्या दवाखान्याचं मागचं दार दिसतं. बिघडलेले डोळे दुरुस्त करून घ्यायला आलेल्या मुली याच घरात उतरतात. सगळ्या काळे चष्मे लावून फिरतात, त्यामुळे कुणी कुणाकडे टक लावून बघत नाही. घर ओक-बून मावशीचं. सत्तरीची आहे, पापण्या इतक्या लोंबल्यात की समोरचं बघायला हनुवटी वर करते. आल्या आल्या तिनं भोपळ्याच्या रसाची पिशवी हातात दिली, सूज उतरते म्हणे. मी म्हटलं, मला अजून सूज आलेलीच नाही. तर म्हणाली, येईल येईल, कुणाला चुकलीय! अकरा महिन्यांनी मी खळखळून हसले.

५ मार्च
पहिल्या डॉक्टरनं माझी किती वाट लावली ते इथे लिहूनच ठेवते. नोकरीच्या अर्जावर फोटो लावायचा होता, म्हणून डोळे मोठे दिसावेत यासाठी शस्त्रक्रियेनं पापण्यांना घडी पाडून घेतली. त्या बाबानं कातडी जास्तच कापली. आता पापण्या पुऱ्या मिटतच नाहीत, तांदळाएवढी फट राहते. रात्री थेंब घालायचे, वरून पट्टी चिकटवायची, तरी सकाळी डोळ्यांत वाळू. धाकटा भाऊ म्हणतो, ताई, तू झोपलीयस की जागी ते आधी सांगत जा. सुंदर दिसणं गेलं खड्ड्यात. मला फक्त डोळे मिटायचेत.

७ मार्च
नामगुंग डॉक्टरांनी बारीक सळईनं पापणी मोजली. मग तिथल्या बे मॅडमनी समोर बसवून वाटा सांगितल्या. व्रण मऊ होईपर्यंत आणखी सहा महिने थांबायचं. नाहीतर कानामागची कातडी लावायची, पण ती जाड, ठिगळ लगेच कळतं. आणि तिसरी वाट डॉक्टरांची स्वतःची: दुसऱ्या कुणाच्या पापणीची कातडी. मी विचारलं, असं कोण देतं? त्या म्हणाल्या, तुमच्या घरच्या मावशी. नमुना जुळलाय.

नमुना कधी घेतला, हे विचारायचं मला सुचलंच नाही. सहा महिने हा शब्द ऐकूनच जीव कासावीस झाला होता. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, घे की! मला काय करायचीय एवढी, एखाद दिवशी जेवताना वाटीत पडेल. मी सही केली.

१२ मार्च
झालं. दोघींच्या पापण्यांवर पट्ट्या, खालून बघण्यापुरती फट. समोरासमोर बसून आम्ही समुद्री शेवाळाचं सूप प्यायलो. शेजारच्या खोलीतली गारम काल बूसानला परत गेली, मावशी म्हणाली. तिलाही मावशीचीच कातडी लावलेली. न भेटता गेली, याचं वाईट वाटलं. तिचे बूट मात्र दारातल्या फळीवर तसेच आहेत. विसरली असेल.

१५ मार्च
मिटतात! पूर्ण मिटतात! मी ढसाढसा रडले, आईला फोन केला, तीही रडली.

एकच गोष्ट विचित्र आहे. मिटल्यावर अंधार होत नाही. आधी वाटलं, खिडकीतला उजेड असेल. मग त्या उजेडात एक मोरी दिसली, कांद्याची पात चिरणारे सुरकुतलेले हात दिसले. मी डोळे उघडून स्वयंपाकघरात गेले. मावशी कांद्याची पात चिरत होती.

१६ मार्च
डॉक्टर म्हणाले, नसा जुळताना असे भास होतात. बे मॅडम म्हणाल्या, फार विचार करू नका, आराम करा.

मावशीनं मात्र हळूच विचारलं, दिसतंय ना गं तुला? मी नजर चुकवली. ती खूश झाली. नवरा गेल्यापासून तीस वर्षं सगळं एकटीच बघतेय, म्हणाली. बर्फ पडला, फूल उमललं, तर हे बघ म्हणायला कुणी नाही. मुली येतात, कातडी नेतात, डोळे उघडतात आणि चालत्या होतात.

तिची दया आली. भीतीही वाटली. भीती जास्त.

१८ मार्च, दुपार
थेंब घालून डोळे मिटले. जिना दिसला. मी कधीच न चढलेला. वर एक खोली, लख्ख ऊन, बुटकं मेज. तीन मुली मांडी घालून बसलेल्या. मावशीचा हात चमच्यानं त्यांना पेज भरवत होता. मधली गारम.

तिघींचे डोळे मिटलेले. चमचा भरला की तिघी एकदम तोंड उघडत होत्या. त्यांनाही दिसत होतं. माझ्यासारखंच.

मग मावशी जवळ वाकली. पापण्यांच्या कडेनं निळा दोरा. बारीक, नेटकी शिवण.

मग तिनं चौथ्या, रिकाम्या आसनाकडे बघितलं. बराच वेळ. मला दिसावं म्हणून.

१९ मार्च, सकाळ
बाहेरच्या दाराला बटणांचं कुलूप आहे, त्याचा आकडा बदललाय. तीनदा दाबून पाहिला — उघडत नाही.

दवाखान्यात फोन केला. बे मॅडम म्हणाल्या, तुम्ही यायची गरज नाही, टाक्यांचं मावशी घरीच बघतील.

आईला फोन. ती म्हणाली, अगं, वर्षभर मिटत नाहीत म्हणून रडलीस, आता मिटतात म्हणून रडतेस? मग माझा आवाज ऐकून तीही घाबरली. दुपारच्या गाडीनं निघते म्हणाली. दुपारच्या —

अकरा वाजता
मिटायचे नाहीत. बोटांनी धरून ठेवलेत. पाणी वाहतंय — तरी लवतात. लवले की दिसतं.

दोरा. सुईचं भोक. दोरा ओवला.

पुन्हा. जिना. खाली येतेय.

मी खोलीची आतून कडी लावली. खुर्ची लावली. मावशी बाहेरून गोड आवाजात म्हणाली, घाबरू नको गं पोरी, तुलाच तर मिटायचे होते ना.

आता बाहेर आवाज नाही. गेली? कुठे गेली? कळायला एकच उपाय — एकदाच मिटते — एकदाच

मागची गल्ली. खिडकी. खिडकीला कडी नाही, मी कशी विसर —

एक पाठ दिसतेय. माझी. मान खाली, हात लिहितोय. डोळे उघडत नाहीत, वरून बोटं ठेवलीत कुणीतरी, गार बोटं. वही दिसतेय मला, तिच्या डोळ्यांनी, खांद्यावरून. ती वाचतेय. ओठ हलवत वाचतेय. या ओळीपाशी आली. म्हणतेय, बास आता, उरलेलं आपण दोघी मिळून बघ