आजोबांच्या थांब्यावरची हवा

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातूनच, प्रत्यक्षात मी खुर्चीवर बसून लिहिते आहे. उगाच खोटं नको.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला थांबला का? नुसतं ‘ठीक’ असं मोघम कळवू नकोस, मला झोप लागत नाही. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, आजोबा सोडून. आजोबांच्या मते घरात फक्त तेच बरे आहेत.

झालं असं, की पंधरा दिवसांपूर्वी जिना चढताना ते दुसऱ्या मजल्यावर छातीला हात लावून उभे राहिले. विचारलं तर म्हणाले, शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी वाचतोय. (ती पाटी तिथे तीस वर्षं आहे.) मी त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, सकाळी कुठे असता? आता तुला तर माहीतच आहे. बसच्या वाहतूक नियंत्रकाची नोकरी संपून वीस वर्षं झाली, तरी सकाळी साडेसात ते साडेनऊ हे कोपऱ्यावरच्या थांब्यावर वही घेऊन बसतात आणि कुठली बस किती मिनिटं उशिरा आली ते लिहितात. कोणी सांगितलेलं नाही, कोणी वाचत नाही. बाकही असा निवडलाय, की प्रत्येक बसचा धूर थेट तोंडावर यावा. डॉक्टर म्हणाले, धुरातली अगदी बारीक धूळ फुप्फुसात थांबत नाही, रक्तात उतरते. रक्तवाहिन्यांना आतून सूज येते, रक्तदाब वाढतो, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या हृदयाकडे ते सोसायला तरुणासारखी शिल्लक नसते. गोळ्या चालू ठेवा, पण गर्दीच्या वेळी रस्त्यावर नको. आजोबा म्हणाले, “डॉक्टर, पस्तीस वर्षं धूर खाऊन नोकरी केलीय.” डॉक्टर म्हणाले, “मीही तेच म्हणतोय.”

मग मी कंबर कसली. हवेतली धूळ मोजणारं एक हातात मावेल एवढं यंत्र आणलं. आजोबांच्या खोलीच्या खिडक्या बंद केल्या, फटींना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांना आत बसवलं. खिडक्या लावताना डास मात्र आतच राहिले, म्हणून पलंगाखाली डासांची कॉइल लावली. तासाभराने यंत्र उशीपाशी ठेवलं, तर आकडा दोनशे बारा. मला वाटलं, यंत्र बिघडलं. धावत थांब्यावर गेले, ऐन गर्दीत मोजलं. शहाण्णव. परत खोलीत आले. दोनशे तीस.

आत्या, हे आकडे लपवता आले असते. मी न्हाणीघरात दहा मिनिटं उभी राहून त्याचा विचारही केला. पण शेवटी सांगितलं. आजोबांनी चष्मा लावला, तिन्ही आकडे स्वतःच्या वहीत उतरवून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे नातबाई, तुम्ही मला घरात कोंडून मारणार होता, आणि मी बिचारा बाहेर जीव वाचवत होतो.” छत्री घेतली आणि गेले. आईची हसून पुरेवाट. बाबा म्हणाले, आणखी कर सेवा.

आता कॉइल बंद आहे, मच्छरदाणी लावली आहे, दुपारी रस्ता शांत झाला की खिडक्या उघडतो. खोलीतला आकडा अठरावर आलाय. डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, खोलीतला धूर जास्त होता म्हणून थांब्यावरचा धूर चांगला ठरत नाही. हे मी आजोबांना शब्दशः सांगितलं. ते म्हणाले, “डॉक्टरांचं ठीक आहे, पण सात चाळीसचं काय? ती रोज उशिरा येते.” आणि रोज जातात. परवा जिन्यात ते पहिल्याच मजल्यावर थांबले. मी मागून हळूहळू चढले.

बाकी क्षेम. काकांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. थंडीत इथला धूर खालीच साचून राहतो. तुझं घर गल्लीच्या टोकाला आहे, समोर शेतं आहेत. तीन महिने आजोबांना घेऊन जाशील का? हृदयासाठी म्हटलं तर ते येणार नाहीत. पण तुमच्याकडे दिवसातून दोनच बस येतात, त्याही मनाला येईल तेव्हा, आणि नोंद ठेवणारं कोणी नाही, असं तू त्यांना लिहिलंस, तर संध्याकाळपर्यंत बॅग भरतील. (आधी नीट पाहून घे. बस वेळेवर येत असेल तर असं लिहू नकोस, मी दुसरं काही शोधीन.)

ता. क. २. शाळेत जाण्याआधी आजोबांनीच मला घरी, बसच्या वेळापत्रकावरून अक्षरं शिकवली. त्याच वेळी हेही शिकवलं, की ज्याच्याविषयी पत्र आहे त्याला दाखवल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही. दुपारभर यातून पळवाट शोधली. सापडली नाही. पत्र त्यांच्या हातात देते आहे.

ता. क. ३. चि. मुलीस, पत्र वाचले. पोरीचे अक्षर सुधारले आहे. मजकुरात एक दुरुस्ती कर: परवा पहिल्या मजल्यावर एकदा नाही, दोनदा थांबलो. दुसऱ्या वेळी ही घरी नव्हती. तुमची बस वेळेवर येत असली तरी येतो.
— बाबा